सक्रिय दीर्घिका आणि त्यांच्या पोटातली कृष्णविवरे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आकाशदर्शनाच्या रात्री दुर्बिणीपाशी रांग लागते ती शनीची कडी बघायला. पण मध्यरात्रीच्या चहाला गाडी हमखास कृष्णविवरांवर येते. तेच ते प्रश्न इतक्या वेळा ऐकले, की उत्तरे एकदाची लिहून काढली. प्रश्न शक्यतो लोकांच्याच शब्दांत ठेवले आहेत.

कृष्णविवरातून प्रकाशही सुटत नाही म्हणता, आणि विश्वातल्या सर्वांत तेजस्वी वस्तूंच्या मुळाशी तेच आहे म्हणता. नक्की काय ते सांगा.

दोन्ही खरे आहे. कृष्णविवर काळेच असते. उजळतो तो त्यात पडायला निघालेला वायू, तोही आत पोचण्याआधी.

कोयनेच्या धरणात पाणी नुसते उभे असते तेव्हा त्यातून वीज होत नाही. तेच पाणी उंचावरून पोफळीला खाली येते, तेव्हा पाती फिरतात. ऊर्जा पडण्यात आहे. कृष्णविवराभोवती उतार इतका भयंकर असतो की पडणाऱ्या वायूचा वेग प्रकाशवेगाच्या घरात जातो. शिवाय हा वायू सरळ आत पडत नाही. मोरीच्या जाळीवर पाणी जसे गरगरत जाते तसा तो फिरत फिरत आत सरकतो, त्याची चपटी तबकडी होते, तबकडीचे आतले-बाहेरचे थर वेगवेगळ्या वेगाने फिरत एकमेकांवर घासतात, चुंबकीय क्षेत्रे त्यांना आणखी खेचतात आणि सगळे तापून लखलखते.

हिशेब बघा. सूर्य हायड्रोजनचे हीलियम करतो तेव्हा एक किलो हायड्रोजनमागे जेमतेम ७ ग्रॅम वस्तुमानाची ऊर्जा होते. तोच एक किलो वायू न फिरणाऱ्या कृष्णविवरात तबकडीतून उतरला, तर सुमारे ६० ग्रॅम. कृष्णविवर स्वतः जवळजवळ कमाल वेगाने फिरत असेल, तर ४०० ग्रॅमच्याही वर. अणुगर्भीय भट्टी यापुढे चुलीसारखी वाटते.

मग 'सक्रिय दीर्घिका' म्हणजे कोणती?

दीर्घिका म्हणजे आपल्या आकाशगंगेसारखा ताऱ्यांचा प्रचंड समूह. साध्या दीर्घिकेचा उजेड म्हणजे तिच्यातल्या ताऱ्यांच्या उजेडाची बेरीज. सक्रिय दीर्घिकेत ही बेरीज जुळत नाही. केंद्रातून एवढा जास्तीचा प्रकाश, क्ष-किरण किंवा रेडिओ लहरी येतात की ताऱ्यांच्या माथी त्या मारता येत नाहीत.

अशा दीर्घिकांकडे पद्धतशीर लक्ष वेधले ते कार्ल सेफर्ट या अमेरिकन खगोलज्ञाने, १९४३ साली. त्याने मूठभर सर्पिल दीर्घिकांचे वर्णपट, म्हणजे प्रकाश रंगांत फोडून मिळणारे पट्टे, तपासले. केंद्रातल्या वायूच्या तेजस्वी रेषा रुंद पसरलेल्या होत्या, म्हणजे तो वायू सेकंदाला हजारो किलोमीटर वेगाने इकडेतिकडे धावत होता. त्यातल्या एनजीसी १०६८ या दीर्घिकेच्या वर्णपटातल्या चमकदार रेषा एडवर्ड फॅथने १९०८ मध्येच टिपल्या होत्या. तेव्हा तर दीर्घिका या आपल्या आकाशगंगेबाहेर आहेत हेही ठरलेले नव्हते. त्याहून गमतीची नोंद हेबर कर्टिसची: १९१८ साली त्याला एम ८७ या दीर्घिकेच्या केंद्रातून निघालेली एक सरळ, चमत्कारिक प्रकाशरेषा दिसली. त्याने ती लिहून ठेवली आणि तो पुढच्या दीर्घिकेकडे वळला. ती रेषा कृष्णविवरातून उसळलेल्या झोताची आहे हे कळायला अर्धे शतक जावे लागले.

सेफर्ट, क्वासार, ब्लेझार, रेडिओ दीर्घिका… एवढी नावे कशाला?

कारण शोध वेगवेगळ्या माणसांनी, वेगवेगळ्या उपकरणांनी लावले आणि प्रत्येकाने आपापले नाव ठेवले. घरातली एकच बाई कुणाची आत्या, कुणाची मामी, कुणाची वहिनी असते. नाते तुम्ही कुठे उभे आहात यावर ठरते. इथेही बरेचसे तसेच आहे.

केंद्रात कृष्णविवर आणि तबकडी. त्यांच्याभोवती धूळ आणि वायूचे जाड कडे, मेदूवड्यासारखे. वरून पाहिले तर भोकातून आतला झगमगाट थेट दिसतो, वेगवान वायूच्या रुंद रेषा दिसतात. कडेने पाहिले तर धुळीचा पडदा आड येतो आणि फक्त लांबच्या, संथ वायूच्या अरुंद रेषा दिसतात. सेफर्ट दीर्घिकांचे दोन प्रकार याचमुळे झाले. याचा पहिला भक्कम पुरावा १९८५ मध्ये रॉबर्ट अँटोनुची आणि जोसेफ मिलर यांनी दिला, आणि तोही त्याच एनजीसी १०६८ मधून. ही दीर्घिका 'अरुंद रेषावाली' गणली जाई. तिच्या ध्रुवित प्रकाशात (ज्याच्या लहरी एकाच दिशेत कंप पावतात अशा प्रकाशात) मात्र त्यांना रुंद रेषा सापडल्या. पडद्यामागचा दिवा थेट दिसत नव्हता, पण वर पसरलेल्या वायूवरून परावर्तित झालेला त्याचा उजेड दिसत होता.

केंद्रातून झोत निघत असेल आणि तो नेमका आपल्याकडे रोखलेला असेल, तर तो ब्लेझार. या घराण्याचे अर्धे नाव जिच्यावरून आले ती बीएल लॅसर्टी ही वस्तू १९२९ मध्ये चक्क रूपविकारी तारा म्हणून नोंदली गेली होती, आणि ताऱ्यांच्या यादीतले ते नाव अजून तिला चिकटलेले आहे.

सगळाच फरक मात्र पाहण्याच्या कोनाचा नाही. क्वासार आणि सेफर्ट यांत खरा फरक आहे तो भुकेचा. क्वासारचे केंद्र इतके खात असते की अख्खी दीर्घिका त्याच्या उजेडात हरवते. झोतही सर्वांना नसतात. दहातल्या एखाद्याच क्वासारला जोरकस रेडिओ झोत असतो. तो त्यालाच का आणि शेजाऱ्याला का नाही, यावर आजही एकमत नाही.

क्वासारचा शोध चंद्रामुळे लागला असे ऐकले. हे काय प्रकरण?

माझी ही आवडती गोष्ट आहे, त्यामुळे जरा लांबण लागेल.

१९६० च्या सुमारास रेडिओ दुर्बिणींना आकाशात शेकडो स्रोत सापडले होते, पण त्यांची जागा नेमकी कळत नव्हती. रेडिओ लहरी लांब, म्हणून चित्र अंधुक. एवढ्या अंधुक डागात डझनभर तारे बसायचे. यातला आपला कोणता? सिरिल हॅझर्डने युक्ती काढली. चंद्र फिरता फिरता एखाद्या स्रोतावरून गेला की स्रोत झटकन मावळतो आणि दुसऱ्या कडेने उगवतो. चंद्राची कडा कोणत्या क्षणी कुठे होती हे आपल्याला अचूक माहीत असते. मावळण्या-उगवण्याची वेळ धरली की स्रोताची जागा हातात येते. १९६२ मध्ये केंब्रिजच्या तिसऱ्या यादीतला २७३ वा स्रोत, ३सी २७३, चंद्राआड जाणार होता. ऑस्ट्रेलियातल्या पार्क्सच्या दुर्बिणीतून तो पाहायचा, तर दुर्बीण तिच्या नेहमीच्या मर्यादेखाली झुकवणे भाग होते. ती झुकवली. जागा मिळाली. तिथे होता एक साधासा निळसर 'तारा'.

पालोमारच्या २०० इंची दुर्बिणीतून मार्टेन श्मिटने त्याचा वर्णपट घेतला. रेषा कोणत्याच ओळखीच्या मूलद्रव्याशी जुळेनात. ५ फेब्रुवारी १९६३ ला त्याच्या लक्षात आले की या तर हायड्रोजनच्याच रेषा आहेत, फक्त सगळ्या लाल रंगाच्या बाजूला सुमारे १६ टक्के सरकलेल्या. या सरकण्याला ताम्रसृती म्हणतात. विश्वाच्या प्रसरणाने ती झाली असेल, तर हा 'तारा' इतका दूर होता की त्याच्या प्रकाशाला इथवर यायला सुमारे २०० कोटी वर्षे लागली. तेवढ्या लांबून तो मध्यम दुर्बिणीत दिसतो, म्हणजे त्याचे तेज आपल्या सबंध आकाशगंगेच्या शंभरपट तरी हवे.

चंद्राची ही युक्ती पुढे भारतात मोठ्या प्रमाणावर वापरली गेली. गोविंद स्वरूप यांनी उटीजवळ ५३० मीटर लांबीची रेडिओ दुर्बीण बांधली. तिच्यासाठी त्यांनी मुद्दाम असा डोंगरउतार शोधला की दुर्बिणीचा आस आपोआप पृथ्वीच्या आसाला समांतर होईल. उटीचे अक्षांश ११, उताराचा कोनही ११. मग ती एकाच आसाभोवती फिरवून तासन्‌तास एकाच स्रोताचा माग काढता येतो. १९७० पासून तिने चंद्राआड जाणाऱ्या शेकडो अंधुक रेडिओ स्रोतांची मापे घेतली.

डॉ. जयंत नारळीकर तर क्वासारांच्या अंतराबद्दल साशंक होते ना?

होते, आणि ते उघडपणे लिहीत-बोलत. हॉल्टन आर्प यांनी अशी छायाचित्रे जमवली होती की ज्यांत जास्त ताम्रसृतीचा क्वासार कमी ताम्रसृतीच्या दीर्घिकेला खेटून दिसतो. दोघे खरेच शेजारी असतील, तर ताम्रसृतीवरून अंतर काढण्याचा पायाच डळमळतो. नारळीकर, फ्रेड हॉइल आणि जेफ्री बर्बिज यांना हा प्रश्न निकाली निघालेला वाटत नव्हता.

आज जवळजवळ सर्व खगोलज्ञ क्वासार दूरच मानतात. कारणे भक्कम आहेत: क्वासारांभोवती त्याच ताम्रसृतीच्या दीर्घिका प्रत्यक्ष दिसल्या, आणि मधल्या दीर्घिकांच्या गुरुत्वाकर्षणाने मागच्या क्वासारांच्या दोन-दोन, चार-चार प्रतिमा झालेल्या सापडल्या. मधली वस्तू भिंगासारखी वागते, तर मागची वस्तू तिच्या मागेच असणार.

या कथेला एक पुणेरी वळण आहे. स्वरूप आणि विजय कपाही यांनी उटीच्या निरीक्षणांतून दाखवले की रेडिओ स्रोत काळानुसार बदलत गेले आहेत. हे विश्वाची सुरुवात महास्फोटाने झाली या मताच्या बाजूने जाणारे आणि नारळीकर-हॉइल ज्या स्थिर विश्वाच्या, म्हणजे काळानुसार न बदलणाऱ्या विश्वाच्या, बाजूने उभे होते त्याच्या विरोधातले. पुढे नारळीकरांची आयुका ही खगोलशास्त्राची संस्था आणि स्वरूप यांचे रेडिओ खगोलभौतिकी केंद्र पुणे विद्यापीठाच्या आवारात शेजारी-शेजारी उभे राहिले. मतभेद होते म्हणून कुणी कुणाचे दार बंद केले नाही. मला स्वतःला नारळीकरांचे म्हणणे पटले नव्हते, पण 'पुरावा दाखवा' हा त्यांचा हट्ट मात्र पटतो.

केंद्रात कृष्णविवरच आहे कशावरून? ताऱ्यांचा दाट पुंजका का नाही?

पहिला धागा लुकलुकण्याचा. लांबलचक मिरवणुकीत पुढच्याने 'थांबा' म्हटले तरी शेपटाला ते कळायला वेळ लागतो, सगळी मिरवणूक एका क्षणात थांबत नाही. तसेच एखादा स्रोत आठवड्याभरात ठळकपणे उजळून मंदावत असेल, तर तो प्रकाशाला आठवडाभरात पार करता येईल एवढ्याहून फार मोठा असू शकत नाही. म्हणजे दीर्घिकेएवढे तेज, आणि जागा सूर्यमालेच्या मापाची! १९६४ मध्ये एडविन साल्पीटर आणि याकोव्ह झेल्दोविच यांनी स्वतंत्रपणे सुचवले की हे राक्षसी कृष्णविवरात पडणाऱ्या वायूचे काम असावे. १९६९ मध्ये डोनाल्ड लिंडन-बेलने पुढचे पाऊल टाकले. क्वासार पूर्वी भरपूर होते आणि आता विझलेत, तर त्यांची कृष्णविवरे आसपासच्या शांत दीर्घिकांत अजून पडून असली पाहिजेत, आपल्यासुद्धा.

दुसरा धागा त्याच 'आपल्यासुद्धा'चा, त्याविषयी खाली.

तिसरा थेट छायाचित्राचा. एप्रिल २०१७ मध्ये हवाईपासून स्पेनपर्यंत आणि चिलीपर्यंतच्या सात रेडिओ दुर्बिणी एकाच वेळी एम ८७ कडे वळवल्या आणि त्यांची मिळून पृथ्वीएवढी एक दुर्बीण केली. १० एप्रिल २०१९ ला चित्र प्रसिद्ध झाले: केशरी कडे आणि मध्ये काळोख. आकाशात या कड्याचे माप म्हणजे चंद्रावर ठेवलेले नागपुरी संत्रे पृथ्वीवरून पाहावे तेवढे. कृष्णविवराचे वस्तुमान भरले ६५० कोटी सूर्यांएवढे. केशरी रंग मात्र आपण दिलेला. रेडिओ लहरींना रंग नसतो. हे दर वेळी सांगावे लागते आणि दर वेळी कुणीतरी हिरमुसते.

अशी कृष्णविवरे आकाराने किती मोठी असतात?

एका सूर्याच्या वस्तुमानामागे ३ किलोमीटर त्रिज्या, एवढे लक्षात ठेवले की पुरे. १० कोटी सूर्यांचे कृष्णविवर म्हणजे ३० कोटी किलोमीटर, पृथ्वी-सूर्य अंतराच्या दुप्पट. एम ८७ चे सूर्याच्या जागी आणून ठेवले तर नेपच्यूनची कक्षा आत कुठल्या कुठे बुडेल.

आणि खातात किती?

अपेक्षेपेक्षा कमी. दहा टक्के वस्तुमानाची ऊर्जा होते असे धरले, तर वर्षाला एका सूर्याएवढा वायू पुरवा, की दीड लाख कोटी सूर्यांचे तेज मिळते. चांगला दांडगा क्वासार वर्षाला काही सूर्य गिळतो, बस. दीर्घिकेत वायू अब्जावधी सूर्यांचा असतो, तेव्हा तुटवडा नाही. अडचण तो केंद्रापर्यंत पोचवण्याची. वायू फिरत असतो, आणि फिरण्याची गती गमावल्याशिवाय त्याला आत उतरता येत नाही. दोन दीर्घिकांची टक्कर झाली, मध्यभागी ताऱ्यांचा दांड्यासारखा पट्टा तयार झाला किंवा शेजारून एखादी दीर्घिका ओढ देऊन गेली, की घडी विस्कटते आणि वायू केंद्राकडे घसरतो.

खाण्याला वरून मर्यादाही आहे. उजेडाचा स्वतःचा दाब असतो. फार खाल्ले, फार उजळले, की हाच उजेड येणाऱ्या वायूला मागे ढकलतो. आर्थर एडिंग्टनच्या नावाची ही मर्यादा आहे.

आतून काही बाहेर येत नाही, मग झोत कुठून येतात?

आतून नाहीच येत. झोत घटना क्षितिजाच्या, म्हणजे जिच्या आतून काहीच परत येत नाही त्या सीमेच्या, बाहेरूनच सुटतात. ते नेमके कसे सुटतात याचा तपशील अजून चर्चेत आहे, पण सर्वांत मान्य चित्र रॉजर ब्लँडफर्ड आणि रोमन झ्नायेक यांनी १९७७ मध्ये मांडले. तबकडीतला वायू आपल्याबरोबर चुंबकीय क्षेत्र खेचून आणतो. फिरते कृष्णविवर भोवतालचे अवकाशच आपल्याबरोबर फरफटवते. रवीला दोरी गुंडाळली जावी तशा चुंबकीय बलरेषा त्याच्याभोवती पिळल्या जातात आणि तो पीळ दोन्ही ध्रुवांकडून वायूच्या कणांना भिरकावून देतो. ही ऊर्जा कृष्णविवराच्या फिरण्यातून येते. ताक घुसळून लोणी निघते, इथे घुसळणारी रवीच हळूहळू मंदावते.

झोत किती लांब जातात याचा ताजा विक्रम २०२४ मध्ये जाहीर झाला. पॉर्फिरियन नावाची ही झोतांची जोडी २.३ कोटी प्रकाशवर्षे लांब आहे. आपल्यासारख्या १४० आकाशगंगा ओळीने मांडाव्यात एवढी. ती दिसली युरोपातल्या लोफार दुर्बिणीला, पण झोत कोणत्या दीर्घिकेतून निघाले हे ठरवायला आपल्या जुन्नर तालुक्यातल्या खोडदची जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण कामी आली. २०११ मध्ये याच दुर्बिणीच्या मदतीने आनंद होता या खगोलज्ञाच्या गटाने स्पेका ही दीर्घिका पुढे आणली. एवढे मोठे रेडिओ झोत सहसा लंबगोल दीर्घिकांतून निघतात. ही मात्र सर्पिल होती.

काही झोत प्रकाशापेक्षा वेगाने जाताना दिसतात हे खरे का?

'दिसतात' हा शब्द बरोबर. जात नाहीत. एम ८७ च्या झोतातल्या गाठी हबल अवकाश दुर्बिणीला प्रकाशाच्या सहापट वेगाने सरकताना दिसल्या होत्या. समजा कुणी गावाकडे येता येता रोज एक पत्र टाकतो आहे आणि पत्राची गाडी त्याच्यापेक्षा जेमतेम वेगवान आहे. दहा दिवसांची दहा पत्रे तुमच्या दारात एक-दोन दिवसांतच येऊन थडकतील आणि वाटेल, हा उडत आला की काय! आपल्या रोखाने जवळजवळ प्रकाशवेगाने येणारा झोत असाच स्वतःच्या प्रकाशाच्या पाठोपाठ धावत असतो. मार्टिन रीसने हे १९६६ मध्ये, प्रत्यक्ष दिसण्याआधीच, गणिताने सांगून ठेवले होते.

आपल्या आकाशगंगेच्या मध्यावर काय आहे?

४३ लाख सूर्यांचे कृष्णविवर, धनू राशीच्या दिशेला, सुमारे २६-२७ हजार प्रकाशवर्षांवर. राइनहार्ड गेन्झेल आणि आंद्रेया गेझ यांच्या गटांनी तिथल्या ताऱ्यांच्या कक्षा वर्षानुवर्षे मोजल्या. एस२ नावाचा तारा दर १६ वर्षांनी एका अदृश्य बिंदूभोवती फेरी मारतो, आणि २०१८ मध्ये तो जवळून गेला तेव्हा त्याचा वेग सेकंदाला ७,००० किलोमीटरच्या पुढे होता. दोघांना २०२० च्या नोबेलचा अर्धा हिस्सा मिळाला, उरलेला रॉजर पेनरोज यांना. १२ मे २०२२ ला या कृष्णविवराचेही चित्र आले.

सध्या ते उपाशी आहे. त्याचे एकूण तेज सूर्याच्या काही शेपट, म्हणजे आकाशगंगेच्या हिशेबात काहीच नाही. पण नेहमी असे नसावे. फर्मी उपग्रहाच्या नोंदींतून २०१० मध्ये आकाशगंगेच्या पातळीच्या वर आणि खाली प्रत्येकी सुमारे २५ हजार प्रकाशवर्षे उंचीचे गॅमा किरणांचे दोन फुगे सापडले. काही लाख ते काही कोटी वर्षांपूर्वी केंद्राने दिलेली ही ढेकर असावी असे अनेकांना वाटते. बाकीचे म्हणतात, केंद्राजवळ एकाच वेळी फुटलेल्या पुष्कळ ताऱ्यांचे हे काम.

ते आपल्याला गिळेल का?

नाही. कृष्णविवर लांबून काही ओढून घेत नाही. त्याचे वस्तुमान आकाशगंगेच्या एकूण वस्तुमानाच्या एक हजारांश टक्काही नाही. सूर्य आकाशगंगेभोवती फिरतो तो बाकी सगळ्याच्या ओढीने.

क्वासार विझतो तेव्हा काय होते?

२००७ मध्ये हॅनी वान आर्केल ही डच शिक्षिका घरबसल्या संगणकावर दीर्घिकांची वर्गवारी करत होती. गॅलॅक्सी झू नावाच्या या प्रकल्पात कुणीही भाग घेऊ शकत असे. एका दीर्घिकेच्या बाजूला तिला एक विचित्र डाग दिसला आणि तिने सरळ विचारले, हे काय आहे? तो निघाला दीर्घिकेएवढा वायूचा ढग, क्वासारच्या उजेडात उजळलेला. पण शेजारच्या दीर्घिकेत क्वासार नव्हताच! तो लाखभर वर्षांच्या आत मंदावला होता, आणि ढगापर्यंत त्याचा जुना प्रकाश नुकता पोचत होता. दिवा गेल्यावरही समोरच्या भिंतीवर उजेड राहावा तसे.

त्यामुळे 'सक्रिय दीर्घिका' ही दीर्घिकांची वेगळी जात नव्हे, ही एक अवस्था आहे. तिची भरती सुमारे १,००० कोटी वर्षांपूर्वी होती, तेव्हा वायू मुबलक होता आणि टकराही. आता ओहोटी आहे. काही केंद्रे तर वर्षा-दोन वर्षांत रुंद रेषा हरवतात किंवा परत मिळवतात. तबकडीच्या गणितापेक्षा हे फारच झटपट आहे, आणि त्यावर सध्या जोरात काम चालू आहे.

एवढेसे केंद्र दीर्घिकेचे काय बिघडवणार?

पुष्कळ. ययाति तारकासमूहातल्या दीर्घिकागुच्छात मधल्या दीर्घिकेचे झोत भोवतालच्या तप्त वायूत पोकळ्या करतात आणि वायूत लाटा उठतात. २००३ मध्ये चंद्रा या क्ष-किरण दुर्बिणीच्या निरीक्षणांतून त्या लाटांचा 'स्वर' काढला गेला: पियानोच्या मधल्या सा-पासून ५७ सप्तके खाली. खर्जाचा रियाझ करणाऱ्यांनी मनाला लावून घेऊ नये. या ढवळण्याने वायू थंड होत नाही, आणि थंड झाल्याशिवाय त्यातून तारे बनत नाहीत. म्हणजे कृष्णविवर आपल्याच घरची ताऱ्यांची पैदास रोखते. भुजंगधारीतल्या एका गुच्छात तर अशाच उद्रेकाने खोदलेली पोकळी इतकी मोठी निघाली की तिच्यात १५ आकाशगंगा ओळीने बसाव्यात. २०२० मध्ये तिच्यावर शिक्कामोर्तब झाले, त्यातही जीएमआरटीच्या नोंदी होत्या.

पण एवढी मोठी कृष्णविवरे बनली कशी?

याचे उत्तर कुणाकडेच पूर्ण नाही. २०२१ मध्ये जाहीर झालेला एक क्वासार महास्फोटानंतर अवघ्या ६७ कोटी वर्षांनी चमकत होता, आणि त्याच्या कृष्णविवराचे वस्तुमान १६० कोटी सूर्यांएवढे. चक्रवाढ लावून बघा. मेलेल्या ताऱ्यातून १०० सूर्यांचे कृष्णविवर मिळाले आणि त्याने एडिंग्टनच्या मर्यादेत अखंड खाल्ले, तर त्याचे वजन साधारण ३.५ कोटी वर्षांत दुप्पट होते. १६० कोटींपर्यंत जायला २४ वेळा दुप्पट व्हावे लागते. झाली ८४ कोटी वर्षे. विश्वाचे वयच तेव्हा ६७! शिवाय पहिला तारा जन्मून मरायलाही वेळ हवा.

तेव्हा एक तर मुद्दल मोठे होते, म्हणजे वायूचा प्रचंड ढग तारा न होता थेट कोसळून हजारो-लाखो सूर्यांचे कृष्णविवर झाले. नाही तर त्यांनी मर्यादा मोडून खाल्ले. जेम्स वेब दुर्बिणीला त्या काळातले बारके लाल ठिपके शेकड्यांनी सापडत आहेत. त्यांतले बरेच वाढती कृष्णविवरे असावीत असा होरा आहे. माझा कल मोठ्या मुद्दलाकडे आहे, पण त्यावर पैज लावणार नाही.

घरच्या दुर्बिणीतून यातले काय दिसते?

एप्रिल-मेच्या रात्री कन्या राशीत एम ८७ चार-सहा इंची दुर्बिणीत कापसाच्या बोळ्यासारखी दिसते. झोत दिसत नाही, अपेक्षा ठेवू नका. थंडीच्या सुरुवातीला तिमिंगल तारकासमूहात एनजीसी १०६८, तिलाच एम ७७ म्हणतात. दक्षिण क्षितिज मोकळे असेल, समुद्रकाठी किंवा कड्यावर, तर नरतुरंगातली सेंटॉरस ए साध्या द्विनेत्रीतूनही सापडते. पुण्याहून ती जास्तीत जास्त २८ अंशांवर चढते. अंतर सुमारे १.२ कोटी प्रकाशवर्षे, एवढ्या जवळ जोरकस रेडिओ दीर्घिका दुसरी नाही. डोळ्यांना रेडिओ लहरी दिसत असत्या तर तिचे पसारे आकाशात पंधरा-वीस पौर्णिमेचे चंद्र ओळीने मांडल्याएवढे दिसले असते.

आणि ३सी २७३. आठ इंची दुर्बीण, चांगला नकाशा, अमावास्येच्या आसपासची रात्र. तेराव्या प्रतीचा एक ठिपका, शेजारच्या ताऱ्यांहून काहीही वेगळा नाही. बघणारे 'एवढेच?' म्हणतात.

जीएमआरटी बघायला जाता येते का?

२८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाच्या सुमाराला खोडदला प्रदर्शन भरते, आसपासच्या शाळांतली मुले आपापले प्रयोग घेऊन येतात. नारायणगावाहून रस्ता आहे. ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्या सुमारे २५ किलोमीटरच्या परिसरात विखुरलेल्या आहेत, त्यातल्या काही जवळून दिसतात. तारांच्या जाळीतून आरपार आकाश दिसते. वारा त्यातून निघून जातो, म्हणून सांगाडा हलका आणि स्वस्त झाला. ही स्वरूप यांचीच कल्पना.

तिथे फोन बंद करायला सांगितले तर कुरकुर करू नका. एखादा जुना टूजी मोबाइल चंद्रावर नेऊन चालू केला, तर रेडिओ दुर्बिणीला तो ३सी २७३ च्या तोडीचा दिसेल. तुमचा तर खिशात आहे.